दादा, सोनूशी बोल

टोरांटो

प्रिय दादा,

फोनवर तुझ्या अबोल्याचा विषय काढला की तू "घे, हिच्याशी बोल" म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच प्लीज.

परवा व्हिडिओ कॉलवर सोनू मला शाळेतली गंमत सांगत होता, मस्त रंगात आलेला, तेवढ्यात खाली पार्किंगमध्ये तुझी गाडी थांबली आणि पोरगं एकदम गप. पटापट टीव्ही बंद केला, सोफ्यावरच्या वह्या उचलल्या आणि वहिनीला हळूच विचारलं, "बाबा आज बोलतायत का?" आठ वर्षांचं पोर आहे रे ते. वहिनीने चुगली नाही केली, मीच ऐकलं.

तू हात उचलत नाहीस, दारू नाही, सातपूरला डबल शिफ्ट मारून घर चालवतोस, सगळं मान्य. पण काही बिनसलं की चार-चार दिवस तोंड बंद, नाहीतर गाडी काढून गंगापूर रोडला चक्कर. अण्णांचं काय वेगळं होतं? आई समोर ओट्याशी उभी असायची आणि ते मला म्हणायचे, "आईला सांग वाढायला." लोक म्हणायचे किती शांत माणूस! आपण दोघं मात्र आपलंच काहीतरी चुकलं म्हणून जीव मुठीत धरून बसायचो. कोणी कारण सांगितलं नाही की मुलं दोष स्वतःवर ओढून घेतात.

इथे डे-केअरच्या ट्रेनिंगला एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाचा १९७०च्या दशकातला प्रयोग दाखवला. आई बाळाशी खेळता खेळता चेहरा एकदम कोरा करते. ओरडत नाही, मारत नाही, फक्त प्रतिसाद बंद. बाळ हसतं, बोट दाखवतं, किंचाळतं आणि शेवटी तोंड फिरवतं. हे सगळं दोनेक मिनिटांत! पुढे वडिलांना घेऊनही असे प्रयोग झाले, तिथेही मुलं अशीच कासावीस झाली.

चिडू नकोस असं मी म्हणतच नाही. आई-बाप आणि मुलांचे सूर सारखे बिघडतच असतात, पुन्हा जुळवून घेतले की मूल सावरतं, हेही ट्रॉनिकनेच दाखवलंय. एवढंच म्हण, "सोनू, माझं डोकं तापलंय, तुझ्यामुळे नाही, अर्ध्या तासाने येतो." आणि खरंच ये.

रविवारी त्याला सोमेश्वरला ने, फक्त तुम्ही दोघं. संध्याकाळी मी फोन करेन, तेव्हा वहिनीकडे देऊ नकोस, मला तुझ्याशीच बोलायचंय. आईला नमस्कार.

तुझी,
ताई नाही, छोटीच