भाववाढीच्या बातम्यांत गावचे स्वयंपाकघरही दिसावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाज्या महागल्या की मार्केट यार्डातील आवक, शहरातील किरकोळ भाव आणि पुण्यातील गृहिणींच्या प्रतिक्रिया वृत्तपत्रांत ठळकपणे येतात. खेड्यातील घरांची मात्र, ‘तिथे सगळे शेतातच पिकते’ असे धरून, कोणी विचारपूस करत नाही.

केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार 2023-24 मध्ये दरडोई सरासरी मासिक खर्च ग्रामीण भागात 4,122 रुपये, तर शहरी भागात 6,996 रुपये होता. रुपयांत पाहिले तर शहरी माणूस अन्नावर अधिक खर्च करतो. पण एकूण खर्चात अन्नाचा वाटा ग्रामीण भागात सुमारे 47 टक्के आणि शहरी भागात सुमारे 40 टक्के आहे. त्यामुळे तीच भाववाढ शहरातल्या सुस्थितीतील घरात हॉटेलची एखादी फेरी वाचवून निभावते, गावातल्या मजुराच्या घरी मात्र आमटी पातळ होते.

रेशनवर धान्य मोफत मिळत असल्याने ग्रामीण खर्चात तृणधान्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के उरला आहे. पण नुसत्या तांदळा-गव्हावर घर चालत नाही. डाळ, तेल, दूध, भाजी विकतच घ्यावी लागते. भूमिहीनांचे तर सोडाच, ज्याचे सारे रान उसाखाली किंवा कांद्याखाली आहे असा इंदापूर-शिरूरकडचा शेतकरीही तूरडाळ आठवडे बाजारातूनच आणतो. (पेये आणि तयार खाद्यपदार्थ हा अन्नखर्चातील सर्वांत मोठा भाग आता गावांतही झाला आहे, पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वाडीवस्तीवरच्या टपरीतही मिळतो.) कांदा पडला की शहरात दिलासा मिळतो, मात्र त्याच आठवड्यात कांदा उत्पादकाच्या घरची किराणा यादी आखडते. ग्राहक आणि उत्पादक एकाच चुलीभोवती जेवत असल्याने गावातील मागणीचे गणित शहराहून वेगळे ठरते.

तेव्हा विनंती अशी की, मार्केट यार्डाच्या दरांशेजारी मंचर, शिरूर, सासवड येथील आठवडे बाजारांतील डाळ, तेल आणि भाज्यांचे किरकोळ दरही आपण नियमितपणे छापावेत, आणि भाववाढीच्या बातमीसाठी शहराबाहेरच्या एखाद्या शेतमजूर स्त्रीशीही बोलावे.

आपला नम्र,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे