ब्लूजब्रेकर्स 1966 मध्ये संपला नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश ब्लूज गायक-वादक जॉन मेयॉल आणि त्यांच्या 'ब्लूजब्रेकर्स' या बँडवर जवळजवळ पानभर मजकूर पाहून बरे वाटले. मराठी वृत्तपत्रात ब्लूजला एवढी जागा वर्षातून एकदा मिळाली तरी पुष्कळ. पण लेख संपेपर्यंत थोडी चिडचिडही झाली, म्हणून हे पत्र.

आधी छायाचित्राखालच्या ओळीबद्दल. 'अ हार्ड रोड' या 1967 च्या तबकडीच्या काळातला तो फोटो आहे आणि त्यातल्या गिटारवादकाला आपण एरिक क्लॅप्टन म्हटले आहे. तो पीटर ग्रीन. ही चूक माझ्या फार ओळखीची आहे. पंचाऐंशीच्या सुमारास मी एका दुकानातून नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घेतली होती. एका बाजूला क्लॅप्टनची ब्लूजब्रेकर्सबरोबरची गाजलेली तबकडी, दुसऱ्या बाजूला 'अ हार्ड रोड'. दुकानदाराने दोन्ही बाजूंवर बॉलपेनने 'क्लॅप्टन' लिहून दिले आणि मी चारपाच वर्षे ते खरे मानून ऐकत राहिलो. त्यात 'द सुपरनॅचरल' नावाची एक बिनशब्दांची रचना आहे. तिच्यात गिटारचा एकेक स्वर इतका लांबतो, की पहिल्यांदा मला वाटले फीत अडकली. झाकण उघडायला उठलो, तेवढ्यात स्वर वळून खाली आला. क्लॅप्टन त्या काळात अंगावर येऊन वाजवी. ग्रीन थांबतो, वाट पाहायला लावतो. एकदा हा फरक कानात बसला की बॉलपेनवर विश्वास राहत नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. लेखाने ब्लूजब्रेकर्सला 'क्लॅप्टनचे गुरुकुल' ठरवले आहे. क्लॅप्टन तिथे होते किती? त्यांचा आधीचा बँड यार्डबर्ड्स पॉपच्या वाटेने चालला म्हणून ते बाहेर पडले आणि एप्रिल 1965 मध्ये, विसाव्या वर्षी, मेयॉलकडे आले. काही काळ त्यांच्याच घरातल्या एका छोट्या खोलीत राहून त्यांचा तबकड्यांचा साठा ऐकत बसले. इथवर गुरुकुल म्हणायला हरकत नाही. पण त्याच उन्हाळ्यात शिष्य मित्रांबरोबर ग्रीसला निघून गेला! मेयॉलनी एकामागून एक गिटारवादक बसवून पाहिले. तेव्हा एक पोरगा येऊन 'याच्यापेक्षा मी बरा वाजवतो' म्हणून भुणभुण लावी. तोच ग्रीन. त्याला जेमतेम काही कार्यक्रम मिळाले आणि क्लॅप्टन परतल्यावर त्याला जावे लागले. 1966 च्या जुलैमध्ये ती, मुखपृष्ठावर 'बीनो' कॉमिक वाचणारा क्लॅप्टन असलेली तबकडी बाजारात आली, तोवर क्लॅप्टन 'क्रीम' या नव्या बँडच्या तयारीला लागलेसुद्धा होते. मग मेयॉलना पुन्हा ग्रीनकडेच जावे लागले. निर्माते माइक व्हर्नन स्टुडिओत अनोळखी चेहरा पाहून घाबरले, तेव्हा मेयॉलनी त्यांना, हा क्लॅप्टनपेक्षा सरस आहे, असे सांगितल्याची हकीकत प्रसिद्धच आहे.

आपल्याकडे बालगंधर्व, बोडस आणि टेंबे 1913 मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले त्याची चर्चा अजून होते. त्यांच्यामागे किर्लोस्कर मंडळीने काय केले, तिथे मग दीनानाथ कसे आले, हे फारसे कोणी विचारत नाही. आपल्या लेखाचेही तसेच झाले आहे.

ग्रीनही वर्षभरातच गेला. जाताना बेसवादक जॉन मॅकव्हीवर त्याचा डोळा होता. ड्रमवाला मिक फ्लीटवूड मेयॉलकडे काही आठवडेच टिकला होता. पिण्यापायी त्याला काढले होते. (मॅकव्हीलाही त्याच कारणाने अनेकदा काढले आणि दरवेळी परत घेतले. असले गुरुकुल मला तरी माहीत नाही.) ग्रीनने नव्या बँडला या दोघांचे नाव दिले, 'फ्लीटवूड मॅक', तेव्हा मॅकव्ही अजून मेयॉलच्या पगारावर होता. ऑगस्ट 1967 मध्ये विंडसरच्या महोत्सवात फ्लीटवूड मॅक पहिल्यांदा वाजला तो दुसऱ्याच बेसवाल्याला घेऊन. मेयॉल जॅझकडे झुकू लागले तेव्हा कुठे मॅकव्ही कंटाळून तिकडे गेला.

मिक टेलरची गोष्ट लेखात दोन ओळींत उरकली आहे. क्लॅप्टन एका कार्यक्रमाला आलेच नाहीत, त्यांची गिटार मात्र मंचावर ठेवलेली होती. प्रेक्षकांतल्या सोळा-सतरा वर्षांच्या टेलरने मध्यंतरात जाऊन विचारले, 'मी वाजवू का?' आणि उरलेला कार्यक्रम त्या गिटारीवर निभावून नेला. मेयॉलनी हे लक्षात ठेवले. ग्रीन गेल्यावर त्यालाच बोलावले आणि 1969 मध्ये रोलिंग स्टोन्सना गिटारवादक हवा होता तेव्हा त्याचे नाव स्वतः सुचवले.

लेख इथेच थांबतो. मला तर खरी गंमत यापुढे वाटते. एका मागून एक तीन बडे गिटारवादक गेल्यावर कोणीही चौथा शोधला असता. मेयॉलनी ड्रमच काढून टाकले! 1969 ची 'द टर्निंग पॉइंट' ऐकावी. अकूस्टिक गिटार, बेस, सॅक्सोफोन-बासरी आणि स्वतः मेयॉल. माउथ ऑर्गन वाजवता वाजवता तोंडानेच ताल धरणे असे काही त्यात आहे, की ड्रमची आठवण होत नाही. माझ्या मते माणसे बदलणे हीच त्यांची संगीत लिहिण्याची रीत होती. आधी वादक निवडायचा, मग त्याच्या हाताला शोभेल तसा बँड वळवायचा.

1984 मध्ये त्यांनी ब्लूजब्रेकर्स हे नाव पुन्हा घेतले, वॉल्टर ट्राउट आणि कोको मोन्टोया असे दोन गिटारवादक समोरासमोर उभे करून. टेक्सासचा बडी व्हिटिंग्टन 1993 पासून 2008 मध्ये नाव मिटेपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे राहिला. क्लॅप्टन, ग्रीन आणि टेलर तिघांची मिळून वर्षे मोजली तरी त्याच्या निम्मीसुद्धा भरत नाहीत. त्याचे नाव आपल्या लेखात नाही. कॅरोलिन वंडरलँडचेही नाही. 2018 मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मेयॉलनी मुख्य गिटार पहिल्यांदा एका स्त्रीच्या हाती दिली.

22 जुलै 2024 रोजी नव्वदाव्या वर्षी मेयॉल गेले. पुरवणीत पुन्हा कधी जागा निघाली तर व्हिटिंग्टनच्या पंधरा वर्षांवर जरूर लिहावे, आणि तोवर निदान फोटोखालचे नाव दुरुस्त करावे.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे