पंपाला पांढरं-पारदर्शक कळत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नवजात शिशू विभागाला देणगीतून नवे संगणकीकृत पंप (शिरेतून द्रव ठरावीक वेगानं सोडणारे) मिळाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. आनंद झाला. पण त्यात 'आता चुकीला वाव नाही' असं एक वाक्य आहे, ते खटकलं. माझी बत्तीस वर्षं परिचारिकेच्या नोकरीत गेली, त्यातली बरीचशी काचेच्या पेट्यांपाशी.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा मायक्रोड्रिपचे, म्हणजे बारीक थेंबांच्या सलाईन-नळीचे, थेंब घड्याळ समोर धरून मोजायचो. ६० थेंबांचा एक मिली, म्हणजे मिनिटाला जितके थेंब तितके तासाला मिली. हा हिशोब मी आजही झोपेत सांगेन. बाळानं हात हलवला की थेंबांची गती बदलायची. पोटात दूध टिकत नाही अशा बाळाला शिरेतून पोसायचं तर असल्या अंदाजावर भागत नाही. तेव्हा पंप हवेतच, त्याबद्दल वाद नाही.

पण पंप पाळतो तो आपण भरलेला आकडा. १.२ किलोच्या बाळाचं उदाहरण घ्या. साखर आणि अमिनो आम्लांचं (प्रथिनांच्या घटकांचं) पाणी एका सिरिंजमधून, समजा तासाला ६ मिली. दुसऱ्या सिरिंजमध्ये स्निग्धांश, दुधासारखा पांढरा, तासाला पाऊण मिली. दोन्ही पंप एकावर एक, दिसायला जुळे. एका रात्री आमच्याकडे हे दोन आकडे अदलाबदल झाले. दिवसभराचा १८ मिली स्निग्धांश तीन तासांत संपला असता, आणि साखर मिळाली असती गरजेच्या आठव्या हिश्श्याइतकीच. पंपांनी हूं की चूं केलं नाही. का करावं? दोघंही सांगितलेलं काम चोख करत होते. वीसेक मिनिटांनी एक शिकाऊ मुलगी म्हणाली, "सिस्टर, पांढरी सिरिंज जास्तच उतरलीय का हो?" बाळ वाचलं ते तिच्या नजरेमुळे.

चांगल्या पंपात यावर उपाय असतो. कोणतं द्रव, बाळाचं वजन किती, जास्तीत जास्त वेग किती, ही यादी आधी भरून ठेवली तर पंप अवाजवी आकडा घेतच नाही. मात्र ती यादी डॉक्टर, फार्मासिस्ट आणि बायोमेडिकल इंजिनिअर यांनी बसून भरावी लागते. ती भरलीच नाही, किंवा घाईच्या वेळी यादीला वळसा घालून नुसता वेग टाकला, तर लाखभराचा पंप आणि जुना पंप यांत फरक तो काय? देणाऱ्यांनी हे विचारलं होतं का?

यंत्रंही चुकतात बरं का. २००५ ते २००९ या पाच वर्षांत अमेरिकेत औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीएकडे अशा पंपांबाबत सुमारे ५६,००० तक्रारी आल्या होत्या. सॉफ्टवेअरमधले दोष, गोंधळात टाकणारे स्क्रीन, बिघडलेल्या बॅटऱ्या, सगळं त्यात होतं. आपल्याकडेही २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवायची राष्ट्रीय व्यवस्था आहे, गाझियाबादहून चालते. परिचारिकाही तिथे तक्रार करू शकते. माझ्या बरोबरीच्या किती जणींना हे ठाऊक होतं, ते न विचारलेलंच बरं. पंप अडला की त्यावर चिकटपट्टी लावून 'बंद' लिहायचं आणि कोपऱ्यात ठेवायचा, एवढंच आम्हाला माहीत.

शक्य असेल तर एका विभागात एकाच बनावटीचे पंप ठेवावेत. देणगीत हे नेमकं होत नाही; तीन देणगीदार, तीन तऱ्हेची बटणं. आणि आकडा भरताना दुसऱ्या सिस्टरनं तो मोठ्यानं वाचावा. पण त्यासाठी दुसरी सिस्टर हवी ना!

आपल्या प्रतिनिधीला एकदा रात्री दोन वाजता त्या विभागात पाठवा. किती पंप वाजतायत आणि त्यांच्याकडे धावायला किती जणी आहेत, तेवढं मोजून छापा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा