तापानंतरचा ‘एएनए पॉझिटिव्ह’

महोदय,

विषाणुजन्य तापानंतर रेंगाळणाऱ्या सांधेदुखीवरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. लेख उपयुक्त आहे. पण ‘एएनए, आरए फॅक्टर वगैरे तपासण्या करून घ्याव्यात’ एवढे सांगून तो थांबतो, आणि लोकांचा जीव टांगणीला लागतो तो नेमका त्यापुढे. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात घेऊन रडवेली झालेली माणसे आम्हाला नवीन नाहीत.

ताप उतरतो, सांधे दुखतच राहतात, रक्त दिले जाते आणि मोबाइलवर ‘एएनए पॉझिटिव्ह’ येते. डॉक्टरांची भेट होईपर्यंत घरातल्या सगळ्यांनी ल्युपसबद्दल, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराबद्दल, मिळेल ते वाचून काढलेले असते. एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज). ती धडधाकट माणसांतही सापडतात. रिपोर्टवरचा १:८० किंवा १:१६० हा आकडा, म्हणजे टायटर, रक्तद्रव किती पातळ करेपर्यंत ती दिसत राहिली ते सांगतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी लोकांपैकी सुमारे ३२ टक्के १:४० ला पॉझिटिव्ह निघाले, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० लाही ३ टक्के. ल्युपसच्या २०१९ च्या वर्गीकरण निकषांत १:८० ही फक्त पहिली पायरी आहे. त्यापुढे लक्षणे आणि इतर तपासण्यांचे गुण मोजावे लागतात.

त्यात नुकताच विषाणू येऊन गेलेला असला, तर गोंधळ आणखी वाढतो. संसर्गाच्या काळात प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी इतक्या चेतवल्या जातात की विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांसोबत भलतीही तयार होतात. पार्व्होव्हायरस बी१९ किंवा एपस्टाइन-बार विषाणूनंतर एएनए आणि आरए फॅक्टर (आमवाताच्या शंकेत पाहिले जाणारे प्रतिपिंड) काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकतात आणि पुढे आपोआप ओसरतातही. आमवाताची शंका असेल तर अँटी-सीसीपी ही तपासणी आरए फॅक्टरपेक्षा जास्त नेमकी. रक्तात गुठळ्या होण्याशी संबंध असलेली अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे तर निदान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासून तशीच आढळली, तरच ग्राह्य धरतात.

मात्र कोणी रिपोर्ट फाडून टाकू नये. ल्युपस असलेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात ही प्रतिपिंडे लक्षणांच्या काही वर्षे आधीपासून असतात, म्हणून कागद फाइलमध्ये जपून ठेवावा. सहा आठवड्यांनंतरही सांधे सुजलेले असतील, सकाळचा आखडलेपणा तासभर सुटत नसेल, गालांवर लाल चट्टे किंवा तोंडात वारंवार व्रण येत असतील, लघवीला फेस येत असेल, तर टायटर कितीही असो, संधिवात तज्ज्ञांना दाखवायलाच हवे. लघवीची साधी तपासणी अशा वेळी फार मोलाची असते. तिच्याकडे दुर्लक्ष होते याचे मला नेहमी वाईट वाटते.

लॅबचालकांना माझी विनंती आहे की तापानंतरच्या पॅकेजमध्ये या तपासण्या सरसकट घालू नयेत. आणि एएनएच्या रिपोर्टखाली, त्या टायटरला किती निरोगी माणसे पॉझिटिव्ह येतात, ते मराठीत छापावे. संधिवात तज्ज्ञांकडून यावर सविस्तर लेख लिहून घेऊन आपण तो पुरवणीत द्यावा.

आपली,
एक वाचक