दादरच्या पुलाखालच्या छत्रीवाल्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी विचारलंच नाही. दोन संध्याकाळी तुमच्या शेजारी उपड्या क्रेटवर बसले, तुम्ही मागवलेला कटिंग प्यायले, आणि नाव विचारायचं राहून गेलं. मागच्या आठवड्यात दोनदा मुद्दाम दादरला उतरले. जिन्याखालची तुमची जागा रिकामी. शेजारचा मोबाइलची कव्हरं विकणारा म्हणाला, "गावाला गेलेत, सुगी आहे. पावसाच्या आधी येतील." तोवर मला धीर निघेना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या पुतण्याकडे मोठा फोन आहे असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. कुणीतरी वाचून दाखवेल एवढीच आशा.

ओळख पटावी म्हणून सांगते. डिसेंबरात, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना, "जाळीची उलटी छत्री करून द्याल का?" असं विचारायला आलेली बाई ती मी. सोबत आठवीतला मुलगा, हातात वही.

तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी काय काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. आमचं गाव जुन्नर तालुक्यात. दिवाळीत गेलो की नारायणगावच्या बाजूला खोडदकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या, त्या प्रचंड डिश दिसतात. माझी आई त्यांना छत्र्याच म्हणते. "छत्र्या आज पूर्वेला बघतायत," असं ती हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगते. यंदा मुलाने विचारलं, या छत्र्या कुणी उभारल्या? त्या प्रश्नातून त्या उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आमच्या घरात आले आणि अजून मुक्कामाला आहेत. जेवताना गोविंद स्वरूप, आंघोळीला चल म्हटलं तरी गोविंद स्वरूप. शाळेचं विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं तेव्हा याचा विषय आधीच ठरलेला होता.

प्रोजेक्टचं साहित्य विकणाऱ्या दुकानात गेलो. जीएमआरटी, म्हणजे खोडदची ती दुर्बीण, म्हटल्यावर दुकानदाराने शर्टाचा मळका डाग बघावा तसं आमच्याकडे पाहिलं. "ज्वालामुखी आहे, ठिबक सिंचन आहे, हायड्रॉलिक क्रेन आहे. साडेसातशे. रिपोर्टसकट." क्लासच्या सरांनी सल्ला दिला, चांद्रयान करा, नंबर येतो. एका विज्ञानप्रेमी म्हणवणाऱ्या संस्थेला मेल केला, मग आठवण करणारा दुसरा मेल. उत्तर आजतागायत नाही. आणि एक 'मॉडेल मेकर' भेटला. त्याने आगाऊ पैसे घेतले आणि आठ दिवसांनी पुठ्ठ्यावर चिकटवलेले कागदी द्रोण दिले. भेळेचे द्रोण, वरून चंदेरी फवारा. तीसच्या तीस, बसच्या रांगेसारखे एका ओळीत. मुलगा म्हणाला, मधल्या चौकात १४ हव्यात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर, पार पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. तो माणूस मला म्हणाला, "मॅडम, परीक्षक एवढं बघत नाहीत."

घरी येताना पोर ट्रेनमध्ये एक शब्द बोललं नाही. परळ गेल्यावर एवढंच म्हणालं, "हे माझं नाहीये." आणि मग आईचा, म्हणजे त्याच्या आजीचा, शब्द मला आठवला. छत्र्या. छत्री हवी तर छत्रीवाल्याकडे जावं, एवढं साधं मला महिनाभर सुचलं नव्हतं.

तुम्ही बॅगेची चेन बसवत होतात. आमचं ऐकून घेतलंत, चेन पुरी केलीत, गिऱ्हाइकाचे पैसे घेतलेत, आणि मग माझ्याशी न बोलता थेट त्याला विचारलंत, "काड्या किती?"

काका, महिनाभरात त्याला प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले. बाकी सगळे माझ्याशी बोलत होते.

त्याने वही उघडली. खोडदच्या एका डिशचा व्यास ४५ मीटर आणि तिचे वाकवलेले सांगाडे १६. तुम्ही म्हणालात, "आपल्या छत्रीला आठ." दोन मिनिटं दाढी खाजवलीत. मग मागचं गोणपाट ओढलंत, त्यातून मोडक्या छत्र्यांचे सांगाडे काढलेत, एकावर एक ठेवून वरचा जरासा फिरवलात. आठ आणि आठ, सोळा. माझ्या मुलाच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी याआधी फक्त क्रिकेटच्या मॅचला ऐकला होता.

गोणपाटाकडे बघून त्याला एक गोष्ट आठवली आणि तुम्ही हात चालू ठेवून ती पुरी ऐकलीत. १९५३ साली गोविंद स्वरूप ऑस्ट्रेलियात सिडनीला शिकायला गेले, जोसेफ पॉझी यांच्या हाताखाली. तिथे पॉट्स हिल नावाच्या जागी सहा फुटी ३२ डिशची एक रांग होती, सूर्य बघायला केलेली. तिचं काम संपत आलेलं, ती मोडीत निघणार. हे म्हणाले, मोडीत कशाला, भारताला द्या. ऑस्ट्रेलियावाले तयार झाले, पण जहाजाचं भाडं कुणी भरायचं यावर घोळ घालण्यात काळ गेला. तोवर गोविंद स्वरूप अमेरिकेला गेले, स्टॅनफर्डला ब्रेसवेल यांच्याकडे डॉक्टरेट केली. डिश पुढे आल्या दिल्लीला आणि पडून राहिल्या. हे १९६३ मध्ये परत आले, मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, रुजू झाले, आणि त्याच डिश मागून घेऊन १९६५ मध्ये उभ्या केल्या. कुठे, तर कल्याणला.

"आपल्या कल्याणला?" तुमचा दोरा थांबला.

आपल्याच, स्लो लोकलवाल्या कल्याणला. तुम्ही मान हलवलीत आणि गोणपाटावर थाप मारलीत. "मी पण टाकत नाही काही. लोक हसतात."

भाड्याची ती भानगड ऐकून मला आमचे दोन मेल आठवले. आणि त्याच वहीतली दुसरी नोंदही आठवली. १९६१ मध्ये परदेशात असलेल्या चार भारतीयांनी, म्हणजे स्वरूप, मेनन, कुंडू आणि कृष्णन यांनी, मायदेशी रेडिओ खगोलशास्त्राचा गट काढावा असा प्रस्ताव लिहून पाठवला. होमी भाभांनी १९६२ च्या जानेवारीत तार केली की ठरलं, या. अणुऊर्जेचा डोलारा सांभाळणाऱ्या माणसाला तार करायला सवड होती. आमच्या विज्ञानप्रेमींना आठवीतल्या पोराला दोन ओळी लिहायला सवड नाही. असो.

जाळी म्हणून मी जुनी मच्छरदाणी आणली होती आणि मला तिची लाज वाटत होती. तुम्ही ती बोटांत चोळून पाहिलीत आणि विचारलंत, "खऱ्याला पण भोकं असतात? मग आत काय थांबतं?" मुलगा फुलला. म्हणाला, आपल्याला दिसणारा उजेड भोकातून निघून जाईल. पण आकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओ लहरी तिथे पकडतात, त्या वीतभर लांबीपासून कित्येक मीटरपर्यंतच्या. त्यांच्या हिशेबाने सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोकं म्हणजे सलग पत्राच. लहर आपटून परत फिरते आणि वारा मात्र आरपार जातो. तुम्ही खो खो हसलात. "वारा! छत्रीचा वैरी वारा. तुमच्या साहेबाला कळलं म्हणायचं." मरीन ड्राइव्हवर उलट्या झालेल्या छत्र्यांवर तुमचं पोट चालतं हे तुम्हीच सांगितलंत. आणि उलटी झालेली छत्री म्हणजेच डिश, हे कळल्यावर तर तुम्हाला फारच मजा वाटली.

मग तुम्ही छत्रीचं मर्म सांगितलंत, जे मी इतकी वर्षं छत्री वापरून मला ठाऊक नव्हतं. काडी मुळात सरळच असते, कापड ताणलं की ती वाकते, आणि काडी-कापडाच्या त्या ओढाताणीतून घुमट होतो. "ताण गेला की छत्री मेली." मुलगा वहीतलं पान शोधायला लागला, कारण गोविंद स्वरूप यांनी खोडदला ताणाचाच आधार घेतला. जाडजूड पोलादी सांगाड्यावर पत्रे ठोकले असते तर खर्च आणि वजन दोन्ही आभाळाला भिडले असते. त्यांनी १६ चौकटींच्या मधे पोलादी दोर ताणले आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी त्या दोरांना बांधली. ताणाने आकार धरला. एवढ्या मोठ्या ३० डिश आपल्या देशाला परवडल्या त्या या युक्तीने. तुम्ही लगेच काड्यांमधून दोऱ्याचे वेढे घ्यायला सुरुवात केलीत. कुणी सांगावं लागलं नाही.

मधला दांडा खऱ्या डिशला नसतो, वरची पेटी चार पायांवर असते, असं तो म्हणाल्यावर तुम्ही दांडा खालून कापलात आणि तिसऱ्या छत्रीच्या काड्यांचे चार पाय केलेत. ऊटीचीही गोष्ट त्याच वेळी निघाली. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी गोविंद स्वरूप यांची तिथली रेडिओ दुर्बीण. तिच्यासाठी उत्तर-दक्षिण उतरणारी अशी टेकडी शोधली जिचा उतार तिथल्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश. त्यामुळे दुर्बिणीचा कणा आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला, आणि एकाच दिशेने फिरवत राहिलं की तारा तासन् तास टप्प्यात. १९७० मध्ये ती चालू झाली. तुम्ही म्हणालात, "म्हणजे टेकडीचाच दांडा केला!" हे वाक्य मुलाने वहीत लिहून घेतलं आहे. खाली तुमचं नाव लिहायला जागा सोडली आहे.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही जाळी शिवत होतात. सोळा काड्यांमधल्या सोळा पाकळ्या. पंधरा तुम्ही झरझर शिवल्यात. सोळाव्याला सुई थांबवलीत, तिच्यात नवा दोरा ओवलात आणि सुई त्याच्या हातात दिलीत. मी घाईने म्हटलं, काका, तुम्हीच करा, तो बिघडवेल. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ताई, उद्या कुणी विचारलं कुणी केलं, तर पोरगं काय सांगणार?"

आणि पाठ फिरवलीत. खरंच पाठ फिरवलीत, काका, मी पाहत होते. एक दुरुस्त झालेलीच बॅग घेऊन तिची चेन उगीच वरखाली करत बसलात, त्याला बुजल्यासारखं होऊ नये म्हणून. एक साहेब घाईत आले, बदलापूर फास्ट पकडायची होती, हँडल तुटलेलं. तुम्ही म्हणालात, "थांबा, सुई कामात आहे." तुमच्या पेटीत आणखी सुया होत्या, मला दिसत होत्या.

वीस मिनिटं लागली. टाके लहानमोठे, एक तर पार काडी सोडून गेलेला. तुम्ही अंगठा फिरवून पाहिलात. उसवाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "पाणी गळेल. लहरी गळायच्या नाहीत."

तुम्ही पैसेही व्यवस्थित घेतलेत. तीन सांगाडे, दोरा, दोन संध्याकाळचं काम, सगळे मिळून दीडशे रुपये. फुकट दिलं असतंत तर मी संकोचले असते, आणि बहुधा तुम्हाला ते कळलं होतं. या शहरात साडेसातशेला ज्वालामुखी मिळतो आणि दीडशेला असा माणूस भेटतो. चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं सोडून देणं असं मला वाटायचं. तुमच्याकडे बघून वाटलं, आपलं काम नीट करत असताना दुसऱ्यासाठी टाकाभर जागा ठेवणं, एवढ्यातही तो मावतो. ती टाकाभर जागा ठेवणारे मला आयुष्यात मोजके भेटले. ऑफिसात पहिलं पत्र माझ्या सहीने जाऊ देणाऱ्या एक बाई, आणि नंतर तुम्ही.

प्रदर्शनात काय झालं ते ऐका. बाकीच्या एकोणतीस डिश बाटल्यांच्या झाकणांच्या केल्या आणि तक्त्यावर वायसारख्या मांडल्या. तुमची छत्री मधे. परीक्षक आले, छान आहे म्हणाले आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "कुणी करून दिलं?" शेजारच्या ज्वालामुखीवाल्या मुलाने मान खाली घातली होती. आमचा म्हणाला, "सांगाडा आणि पंधरा पाकळ्या दादरच्या काकांच्या. ही एक माझी. वाकडा टाका आहे ना, तो माझा." परीक्षकांनी वाकून तो टाका बघितला. मग ते दहा मिनिटं तिथेच उभे राहिले आणि जाळीतून लहर का गळत नाही ते त्याच्याकडून ऐकलं.

नंबर ज्वालामुखीला मिळाला. धूर छान येत होता, हे मान्य करायला हवं.

घरी आल्यावर त्याने विचारलं, गोविंद स्वरूप यांना हे दाखवता आलं असतं का? ते पुण्यात ७ सप्टेंबर २०२० ला गेले, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. तेव्हा हा मोबाइलवर शाळा करत होता. मी म्हटलं, नसतं आलं. तो म्हणाला, मग काकांना प्रदर्शनाचा फोटो दाखवू. त्यासाठीच त्या दोन फेऱ्या मारल्या.

छत्री सध्या आमच्या कपाटावर आहे. पंख्याच्या वाऱ्याने तुमच्या पाकळ्यांपैकी एकीचा दोरा सुटला आहे, चौथ्या काडीपाशी. त्याची पाकळी शाबूत आहे आणि हे तो येईल त्याला सांगतो आहे. मी शिवायला घेतलं तर मला हात लावू दिला नाही. तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात, तुमची गर्दी सुरू व्हायच्या आत, घेऊन येतो. फोटोही आणतो. तुमचं नाव मात्र आल्या आल्या सांगा, वहीत जागा कधीची सोडून ठेवली आहे.

तुमची,
लालबागची, उलट्या छत्रीवाली ताई