ग्रिडआधी दोन वर्षांचे आरक्षण हवे

महोदय,

मराठवाड्यातील 11 धरणे मोठ्या जलवाहिन्यांनी एकमेकांना जोडण्याच्या वॉटर ग्रिड योजनेची चर्चा बहुतेक वेळा खर्चाच्या आकड्यावर येऊन थांबते. ही धरणे एकाच वर्षी रिकामी राहिली तर त्या वाहिन्यांतून काय वाहणार, हा प्रश्न मात्र मागे पडतो. 2014 आणि 2015 असे सलग दोन पावसाळे कोरडे गेल्यावर जायकवाडी धरण मृतसाठ्यावर (दारांच्या पातळीखालच्या, सहजी न काढता येणाऱ्या पाण्यावर) आले, मांजरा आटले आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे 177 दशलक्ष घनमीटर आहे. धरण भरते त्या वर्षी लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब यांची पिण्याची गरज या साठ्याच्या मानाने थोडीच असते. तरीही ऑक्टोबरमध्ये पिण्याचे आरक्षण ठरवताना हिशेब पुढच्या पावसाळ्यापर्यंतचाच केला जातो. उरलेले पाणी आवर्तनांतून, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक काळाने कालव्यात सोडल्या जाणाऱ्या पाळ्यांतून, सुटते आणि त्याचा मोठा वाटा उसाकडे जातो. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण हमखास खरेदी होणारे दुसरे पीक त्याच्यापुढे कोणी ठेवलेले नाही. परंतु या भागात दुष्काळ जोडीने येऊ शकतो हे एकदा अनुभवल्यावर, मोठ्या धरणांत पिण्यासाठी किमान दोन वर्षांचे पाणी राखून मगच सिंचनाचे आवर्तन ठरवणे हे नियोजनाचे पहिले सूत्र असायला हवे.

यावर बाष्पीभवनाचा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. आपली धरणे उथळ व पसरट आहेत, त्यामुळे राखलेल्या पाण्यातील बराच भाग उन्हाळ्यात उडून जाईल. ती घट गृहीत धरूनच आरक्षणाचा आकडा ठरवावा लागेल. औद्योगिक वसाहतींना शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी देणे बंधनकारक केले, तर या घटीचा काही भाग भरून निघू शकेल. अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई करणारा 2009 चा भूजल कायदा 2014 पासून लागू आहे. त्याची अंमलबजावणी किती झाली, हे गावोगावच्या बोअरच्या गाड्यांना विचारावे!

ग्रिडला माझा विरोध नाही. मात्र निविदा काढण्यापूर्वी जलसंपदा विभागाने अकराही धरणांचे सलग दोन अवर्षणांतील साठे, गाळाने घटलेली क्षमता आणि महिनावार बाष्पीभवन यांचा तक्ता जाहीर करावा आणि यंदाच्या 15 ऑक्टोबरच्या पाणीसाठ्यावर मांजरा धरणापुरते तरी दोन वर्षांचे आरक्षण लागू करावे, ही विनंती.

– एक वाचक, लातूर