दोन वर्षांचं एम.ए. तीन वर्षांत कर

गुहागर

चि. सौ. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, ‘बाबा, एम.ए. सोडून देते. नोकरी, घर, बाळ, काहीच धड होत नाही.’ तेव्हा मी काही बोललो नाही, कारण शेजारी तुझी आई होती आणि तिने लगेच ‘सोड गो बाय’ म्हणून मोकळं केलं असतं. म्हणून हे पत्र.

कॉलेजच्या ऑफिसात असताना इग्नूच्या, म्हणजे तू शिकतेस त्या मुक्त विद्यापीठाच्या, विद्यार्थ्यांचे कागद माझ्याच टेबलावर यायचे. पेपर अवघड गेला म्हणून सोडणारे मी फार कमी पाहिले. असाइनमेंट राहून गेल्या, परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा असतो हे कळलंच नाही, दुसऱ्या वर्षाच्या फेरनोंदणीची तारीख हुकली, असं करत माणसं गळायची. तू पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांच्या हप्त्यांच्या तारखा सांभाळतेस, तेव्हा त्याची काळजी मला नाही.

तुझं चुकतंय ते हिशेबात. ग्रामीण विकासाच्या एम.ए.ला कमीत कमी दोन वर्षं लागतात आणि जास्तीत जास्त चार मिळतात. तसा नियमच आहे, त्यात कुणाची मेहेरबानी नाही. दोनातच संपवायचं हे तुझं तूच ठरवलंस. सरळ तीन धर.

आणि ती तीन वर्षं आपल्याकडच्या ऋतूंप्रमाणे लाव. परीक्षा जूनमध्ये होते, तशी डिसेंबरमध्येही होते. जूनला बसायचं तर असाइनमेंट साधारण मार्चअखेर द्याव्या लागतात. मार्चात शिमगा, त्यात तुझ्या पतसंस्थेचं वर्षअखेर. पुढे एप्रिल-मे तू इथे आंब्याच्या पेट्या भरायला येतेस, आणि जूनच्या पहिल्या पावसात लाइट गेली की कधी येईल याचा नेम नाही. अशात परीक्षा कसली देतेस? जूनचा नाद सोड, सगळे मोठे पेपर डिसेंबरला ठेव. भातकापणी उरकलेली, हवा कोरडी, तोवर पाहुणेही परत गेलेले.

डिसेंबरसाठी असाइनमेंटची मुदत सप्टेंबरअखेरच्या आसपास असते. मुदतवाढ मिळते बऱ्याचदा, पण तिच्यावर विसंबू नकोस, कारण मध्ये गणपती येतात आणि मुंबईची माणसं आली की तुला चुलीपुढून हलता येणार नाही. त्या लिहून काढायच्या जून-जुलैमध्ये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, म्हणजे जावईबापू घरी. जाळी शिवायची, इंजिन खोलायचं ही कामं असतात, मान्य. पण एरवीसारखे पहाटे तीनला ते मिरकरवाडा बंदरावर नसतात. सकाळचे दोन तास बाळ त्यांच्याकडे दे. मागून घे, बिनधास्त. असाइनमेंट हातानेच लिहायच्या असल्याने लाइट नसली तरी अडत नाही. इग्नूच्या ईज्ञानकोश या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट आहेत, ती मे महिन्यातच उतरवून ठेव आणि लागतील तेवढी पानं छापून घे.

रात्री अकरानंतर बसणं आणि कामं करता करता लेक्चर लावणं मात्र बंद कर. दिवाळीत मी पाहिलं ना! लॅपटॉप पिठाच्या डब्यावर, लेक्चर चालू, तू बांगडे साफ करतेयस आणि हात भरलेले म्हणून व्हिडिओ कोपराने थांबवतेयस. त्या लेक्चरातलं संध्याकाळी विचारलं तर तुला विषयही आठवेना. विहीणबाई माझ्याजवळ म्हणाल्या, ‘सारखी काहीतरी बघत असते.’ त्यांना तू शिकतेस हे माहीत आहे, अभ्यास कुठला आणि मनोरंजन कुठलं हे कळत नाही, आणि कळणार तरी कसं? त्यांच्यासमोर पुस्तक घेऊन टेबलाशी बस आणि ‘आई, आठ वाजेपर्यंत मी नाही’ असं सांग. माणूस अभ्यासाला बसलेला दिसला की लोक त्याला वेळ देतात.

ऑफिसात कुणी ‘घरबसल्या डिग्री’ म्हणून हिणवतं म्हणालीस. त्याला सांग, मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय. आणि 70 टक्के गुण केंद्रावर बसून दिलेल्या पेपरचे असतात, 30 असाइनमेंटचे. घरबसल्या काही मिळत नाही.

शेवटचं राहिलं ते प्रबंधिकेचं, म्हणजे एका विषयाचा स्वतः अभ्यास करून लिहायच्या छोट्या प्रबंधाचं. ती सगळ्यात मागे टाकू नकोस. आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यात वेळ जातो. विषयासाठी लांब कुठे बघू नकोस. आपल्या वाडीत काजू फोडणाऱ्या बायांचा बचत गट आहे. चिकाने त्यांच्या बोटांची सालं निघतात, हातमोजे घातले तर हात चालत नाही म्हणतात, आणि मजुरी किलोवर. त्यांचा हिशेब आजवर कुणी नीट मांडलेला नाही. मी दोघी-तिघींशी बोलून ठेवतो. मेमध्ये येशील तेव्हा वही घेऊन ये, आणि बाळाचं सामान थोडं जास्त आण. पेट्या भरून झाल्यावर त्याला पंधरा दिवस आमच्याकडेच ठेव, असं आईचंही म्हणणं आहे.

फेरनोंदणी सुरू झाली की लगेच कळव, फी मी भरतो.

तुझे बाबा